मदत हवी आहे: फुलमेटलचे मधले भाग गायब आहेत का?

पिंट्या_बी_विंग:
मंडळी पटकन मदत हवी आहे, रविवार रात्रीच्या आत कळलं तर बरं कारण हार्डडिस्क परत द्यायची आहे. फुलमेटल ही जपानी ॲनिमे मालिका बघतोय. पहिला सीझन झाला, एक नंबर. मग पुढचा लावला तर नुसता धिंगाणा, कॉमेडीच कॉमेडी, लढाईचा पत्ताच नाही, म्हटलं असेल बाबा. त्याच्या पुढचा लावला तर डायरेक्ट सगळं पेटलेलं, जो तो मरतोय, आणि तो पांढऱ्या केसांचा भाऊ कुठून उगवला काही कळेना, सगळे त्याला ओळखतात, मी एकटाच ओळखत नाही. मधले भाग कापलेत का कोणी? गूगल केलं की स्पॉयलर तोंडावर येतात म्हणून इथे विचारतोय. थोडक्यात सांगा, निबंध नको.

गोट्या_९५:
पांढऱ्या केसांचा म्हणजे स्कार ना? तो पहिल्यापासूनच आहे की. तू २००३ ची जुनी ५१ भागांची बघतोयस, ती मध्येच वेगळ्या रस्त्याला लागते. ती सोड आणि २००९ ची ब्रदरहुड सुरू कर, ६४ भाग, सगळं नीट कळेल. डोळे झाकून बघ.

जुनाजाणता:
गोट्याशी सहमत. पण ब्रदरहुड सुरुवातीला जरा घाईत पळते, त्यामुळे जुन्याचे पहिले २५ भाग आणि मग ब्रदरहुड असा क्रम ठेवावा. मी सगळ्यांना हाच सांगतो.

गोट्या_९५:
हा पंचवीस भागांचा फॉर्म्युला तुम्ही प्रत्येक धाग्यावर विकता हो. कोणी घेत नाही.

पिंट्या_बी_विंग:
अहो स्कार कोण? आणि पहिला सीझन २४ भागांचा होता, ५१ चा नाही. रोबोवाली बघतोय मी. शाळा, रोबो, पाणबुडी. ह्यात काय अवघड आहे??

प्राजू:
हाहाहा अरे हा फुलमेटल पॅनिकबद्दल विचारतोय, गोट्या म्हणतोय ती फुलमेटल अल्केमिस्ट नाही!! पिंट्या, पूर्ण नाव लिहायला काय हरकत होती? सैन्यातला पोरगा, सोसुके सागारा, शाळेत चिदोरी नावाच्या मुलीचं रक्षण करायला येतो तीच ना? आणि पांढऱ्या केसांचा म्हणजे लिओनार्ड, त्या पाणबुडीच्या कप्तान टेसाचा भाऊ?

पिंट्या_बी_विंग:
हो तीच. रोबो म्हटलं की कळायला पाहिजे, दुसऱ्या फुलमेटलमध्ये रोबो आहेत का? बरं आता सांगा, लिओनार्ड चिदोरीला आधी कधी भेटला?

संत्रानगरी:
थांब बे, आधी हे सांग तू तिसरा म्हणून जो लावला तो कोणत्या सालचा आहे? २००५ चा का २०१८ चा? फोल्डरवर नाव काय आहे?

पिंट्या_बी_विंग:
साल वगैरे नाही लिहिलेलं. चार फोल्डर आहेत, जसे दिसतात तसे लावत गेलो. एक नुसता नावाचा, मग फुमोफू, मग इनव्हिजिबल व्हिक्टरी, मग द सेकंड रेड. चौथा अजून उघडला नाही.

संत्रानगरी:
सापडलं राजा. कॉम्प्युटरने फोल्डर इंग्रजी मुळाक्षरांप्रमाणे लावले आणि तू त्याच क्रमाने बघितले. काही कापलेलं नाही, तुझा हरवलेला मधला सीझन त्या चौथ्या फोल्डरात आहे. खरा क्रम असा की पहिली २००२ ची, मग २००३ ची फुमोफू, मग २००५ ची सेकंड रेड (१३ भाग) आणि सगळ्यात शेवटी २०१८ ची इनव्हिजिबल व्हिक्टरी. लिओनार्ड सेकंड रेडमध्ये येतो आणि चिदोरीला तिथेच भेटतो. कसा भेटतो ते नाही सांगत, बघ आणि दातओठ खा. तो खलनायक गाउरोन, हाँगकाँग, सागाराला चिदोरीपासून लांब करतात ते, सगळं त्यातच आहे. तू मधला जिना गाळून थेट गच्चीवर उडी मारली आहेस. २०१८ वाली बंद कर आत्ताच्या आत्ता.

पिंट्या_बी_विंग:
आयला. नावात नंबर द्यायला काय जातं ह्या लोकांचं? पण मी ती आखाड्यापर्यंत बघून झालोय, तो भंगार रोबो घेऊन लढतो तिथपर्यंत. आता मागे जाऊन मजा येईल का?

प्राजू:
येईल. ते भंगार म्हणजे सॅव्हेज, सोव्हिएत बनावटीचा, पहिल्या सीझनमध्ये आपल्या हिरोच्या मशीनसमोर हे डझनाने फुटत होते आठवतंय का? आणि आता त्याच्याकडे त्याचा खास रोबो आर्बलेस्ट नाही, मिथ्रिल ही त्याची संघटना नाही, पाठीशी कोणी नाही, तर त्याच कालबाह्य डब्यात बसून नुसत्या हातकौशल्यावर एकेकाला लोळवतो. ना लॅम्बडा ड्रायव्हर (रोबोतलं ते मनाच्या जोरावर चालणारं यंत्र) ना काही जादू. मला वाटतं पूर्ण मालिकेतलं सगळ्यात खरं मेकाकाम (म्हणजे रोबोंची लढाई) ते आहे, बाकी ठिकाणी शेवटी ड्रायव्हर पेटतो आणि प्रश्न सुटतो.

जुनाजाणता:
मेकाकाम बघायचं तर गंडम बघावं. १९७९ पासून चालू आहे. पॅनिकमध्ये अर्धा वेळ ती मुलगी कागदी पंख्याने त्याच्या डोक्यात मारत असते, त्याला काय मेका म्हणायचं? क्रमाबाबत माझं मत, फुमोफू पूर्ण गाळावी. एक रोबो नाही त्यात.

प्राजू:
जुनाजाणता तुम्ही काहीही बोलता. फुमोफू गाळली तर पुढे रडायला येणार कशाला? चिठ्ठीवाला भाग घ्या. शाळेत बुटांच्या कपाटाला कोणीतरी हात लावलाय एवढं त्याला दिसतं, झालं, बॉम्ब आहे असं धरून हा सरळ कपाटच स्फोट करून उडवतो आणि आत बिचारीचं प्रेमपत्र होतं. आणि चेहरा तोच, काही प्रॉब्लेम नाही वाला. तो पोरगा लहानपणापासून युद्धातच वाढला आहे, त्याला घंटा वाजली की वर्गात जायचं असतं हेच माहीत नाही. बारा भाग त्यावर हसून घेतलं की मग सेकंड रेडमध्ये त्याची शाळा काढून घेतात तेव्हा आपल्यालाच लागतं. ही रॉमकॉम मेकाच्या मध्ये घुसडलेली नाहीये, त्याला गमवायला काहीतरी असावं म्हणून आहे.

गोट्या_९५:
बोन्ताकुन, तो गुबगुबीत बाहुल्याचा पोशाख!!! फुमोफू फुमोफू. बास एवढंच बोलायचं होतं.

संत्रानगरी:
प्राजूला अनुमोदन. अजून एक, पहिला सीझन गोन्झो स्टुडिओने केला होता आणि फुमोफूपासून क्योटो ॲनिमेशनकडे आलं, त्यांनी स्वतंत्रपणे केलेली ती पहिली टीव्ही मालिका. म्हणून दिसायला फरक आहे. सेकंड रेड पण त्यांचीच, तिच्यातला पाऊस आणि अंधार बघ एकदा. दोन्हीचे दिग्दर्शक यासुहिरो ताकेमोतो. २०१९ च्या जुलैमध्ये क्योटोच्या स्टुडिओला आग लावली त्यात ते गेले. २०१८ ची मात्र झेबेक स्टुडिओने केली, त्यातले रोबो कॉम्प्युटरवरचे आहेत, काहींना खटकतात.

टोकियोकर:
धागा वाचून राहवलं नाही. गोष्टीतल्या शाळेचं नाव जिंदाई, आणि इथे चोफूला त्याच उच्चाराची खरी सरकारी शाळा आहे, शिंजुकूहून केईओ लाइनने जायचं. जवळच जिंदाइजी मंदिर आहे आणि तिथला सोबा (बकव्हीटच्या पिठाच्या शेवया) प्रसिद्ध आहे, मंदिराच्या आजूबाजूला दुकानंच दुकानं. थंड सोबा, बाजूला टेम्पुरा, मस्त झाडी. कोणी टोकियोला आलं तर नक्की जा, तिथल्या वनस्पती उद्यानाचं तिकीट वेगळं आहे.

तिखटमीठ:
सोबा शाकाहारी असतो का? त्या चटणीत मासा असतो म्हणे. आम्हाला मे महिन्यात जायचंय, सासूबाई बरोबर आहेत.

टोकियोकर:
सॉसमध्ये बहुतेक वेळा बोनितो माशाचा अर्क असतो. आधी विचारून घ्या, वेगळा धागा काढलात तर जागा सुचवतो.

पिंट्या_बी_विंग:
लोकहो सोबा नंतर. सेकंड रेडचे भाग सुरू केले आहेत. पुढचा प्रश्न: २०१८ वाली संपली की गोष्ट संपते का? सरळ हो किंवा नाही.

जुनाजाणता:
नाही. अर्धवट सोडली आहे. मूळ कादंबऱ्या वाचाव्यात, शोजी गातो यांच्या, १९९८ पासून २०१० पर्यंत, मुख्य कथेचे बारा खंड. ॲनिमे नवव्या खंडापर्यंत येऊन थांबते, नवा रोबो दिसतो आणि पडदा. पुढचे तीन खंड म्हणजे सगळा शेवट. इंग्रजीत जे-नॉव्हेल क्लबची ई-बुकं आहेत. मी म्हणतो ॲनिमे बघूच नये, सरळ पहिल्या खंडापासून वाचावं.

गोट्या_९५:
आत्ता गंडम बघा म्हणत होतात ना.

जुनाजाणता:
दोन्ही करावं.

संत्रानगरी:
वाचायला कंटाळा असेल तर सिग्मा नावाची मांगा (जपानी कॉमिक) आहे, ती शेवटापर्यंत जाते. पण एक लक्षात ठेव, सेकंड रेड आणि २०१८ च्या मध्ये सहावा खंड येतो, नाताळचा, जहाजावरचा. तो ॲनिमेत घेतलाच नाही. म्हणजे क्रमाने बघितलं असतं तरी तिथे थोडं तुटल्यासारखं वाटलंच असतं, ते तुझ्या फोल्डरचं पाप नाही.

बोंबील फ्राय:
मला सांगा हिंदी डब आहे का कुठे? जपानीत सबटायटल वाचता वाचता चित्र बघायचं राहून जातं.

प्राजू:
हिंदी माझ्या पाहण्यात नाही. इंग्रजी डब आहे आणि या बाबतीत मी चक्क डबवाली आहे, लुसी ख्रिश्चनने चिदोरी काय केली आहे, ओरडणं ऐकाच. सागारा ख्रिस पॅटन. जपानीत तोमोकाझू सेकी.

जुनाजाणता:
डब बघणाऱ्यांशी मी चर्चा करत नाही.

तिखटमीठ:
अहो पिंट्या, शेवटाचं टेन्शन घेऊ नका, २०२४ पासून त्याच लेखकाने फॅमिली नावाची नवी मालिका सुरू केली आहे, दोघांचं लग्न झालंय आणि पोरंबाळं पण आहेत, आमच्या भाच्याने सांगितलं.

पिंट्या_बी_विंग:
ताई!!! पहिल्याच पोस्टमध्ये स्पॉयलर नको असं लिहिलंय हो!

तिखटमीठ:
रॉमकॉममध्ये शेवटी लग्न होणार हे सांगायला स्पॉयलर कशाला लागतो.

गोट्या_९५:
ताई रॉक्स.

संत्रानगरी:
पहिल्या सीझनबद्दल एक राहिलं. तो खरं तर २००१ मध्येच येणार होता, पण ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर पुढे ढकलला आणि जानेवारी २००२ मध्ये दाखवला. सहलीच्या विमानाचं अपहरण आठव, मग कळेल का. आणि त्या जगात सोव्हिएत युनियन अजून आहे, चीनचे दोन तुकडे झालेत, हे बऱ्याच जणांच्या डोक्यावरून जातं आणि मग सगळीकडे रशियन रोबो का म्हणून विचारतात.

पिंट्या_बी_विंग:
मी पण हेच विचारणार होतो. बरं, निम्म्याच्या पुढे आलोय. पाऊस खरंच भारी काढलाय. लिओनार्ड भेटला. डोक्यात गेला.

प्राजू:
सगळ्यांच्याच जातो :)

संत्रानगरी:
सेकंड रेडचे तेरा संपले की २००६ ची एक ओव्हीए (टीव्हीवर न दाखवता थेट डिस्कवर काढलेला भाग) आहे, टेसाच्या सुट्टीच्या एका दिवसावर, हलकीफुलकी. ती पण त्याच फोल्डरात असायला पाहिजे, २०१८ वालीकडे परत जाण्याआधी बघून घे, नंतर हसायची इच्छा राहत नाही.

पिंट्या_बी_विंग:
नाहीये ती फोल्डरात. तेराच फाइली आहेत. कोणाकडे आहे का? पुण्यात असाल तर पेनड्राइव्ह घेऊन येतो, नाहीतर लिंक टाका.

व्यवस्थापक:
लिंका मागू अथवा देऊ नयेत, त्या उडवल्या जातील. सोब्याची चर्चा प्रवास विभागात हलवत आहे.