मार्केटिंगला गणित लागतं का?

पदवीला मार्केटिंग मॅनेजमेंट घ्यायचं म्हणतेय. गणिताशी माझा छत्तीसचा आकडा. चालेल?

— नुसत्या जाहिरातींसाठी येत असशील तर जरा थांब. मार्केटिंगचे प्राध्यापक मॅकार्थी यांनी 1960 मध्ये मांडलेले चार पी, प्रॉडक्ट, प्राइस, प्लेस, प्रमोशन, सुरुवातीलाच येतात. जाहिरात हा शेवटच्याचा एक तुकडा. मला गोडी लागली प्राइसची. नगाचा खर्च 60, किंमत 100. 10 टक्के सूट दिलीस की नफा 40 चा 30. तेवढाच एकूण नफा हवा तर विक्री एक तृतीयांशाने वाढली पाहिजे! याला शाळेतलं गणित पुरतं.

— संख्याशास्त्र मात्र चुकत नाही हं. मार्केट रिसर्चला नमुना निवड (सगळ्यांऐवजी मोजक्या लोकांना विचारणं), सहसंबंध (दोन गोष्टी एकमेकींबरोबर किती बदलतात) येतातच.

— म्हणजे सुटका नाही! सूटवालं उदाहरण भारी होतं पण.