वॉलपोल उमराव सभेत का गेले नाहीत?

बर्डीचा वाचक:
हिवाळी अधिवेशन नागपुरात भरले की आमच्या अभ्यासिकेत राज्यघटनेवरच्या चर्चा रंगतात. मुख्यमंत्री विधानपरिषदेतला असला तर बिघडते का, यावरून निघालेले बोलणे यंदा रॉबर्ट वॉलपोल यांच्यापर्यंत पोचले. १७२१ ते १७४२ असा दीर्घकाळ सत्तेवर राहिलेल्या वॉलपोल यांना ब्रिटनचे पहिले पंतप्रधान म्हणतात, पण तेव्हा असे पद कायद्यात नव्हते. पहिल्या जॉर्ज राजाला इंग्रजी येत नसे, म्हणून तो मंत्र्यांच्या बैठकांना बसेनासा झाला आणि सूत्रे वॉलपोल यांच्याकडे आली, असे परीक्षेच्या पुस्तकांत वाचायला मिळते. मला हे उत्तर अपुरे वाटते. सारा आधार राजाच्या मर्जीचा असेल, तर दुसऱ्या जॉर्जची मर्जी असतानाही १७४२ मध्ये त्यांना जावे का लागले?

धरमपेठकर:
आपली शंका रास्त आहे. पहिला जॉर्ज मंत्र्यांशी फ्रेंचमध्ये बोलू शकत असे, आणि १७२७ मध्ये गादीवर आलेल्या दुसऱ्या जॉर्जला तर इंग्रजी येत होते. तरी त्याच्या कारकिर्दीत वॉलपोल आणखी पंधरा वर्षे टिकले. मुख्य मंत्री म्हणून नव्या राजाच्या मनात आधी स्पेन्सर कॉम्प्टन हे दुसरे नेते होते. पण राणी कॅरोलाइनचा पाठिंबा वॉलपोल यांना होता, आणि राजघराण्याच्या खर्चासाठी वर्षाला ८ लाख पौंडांची तरतूद त्यांनी संसदेकडून मंजूर करून घेतली. राजाला पैसा हवा होता आणि तो हाउस ऑफ कॉमन्सच्या, म्हणजे संसदेच्या निवडून आलेल्या सभागृहाच्या, संमतीवाचून मिळत नव्हता. वॉलपोल यांच्या सत्तेचे मर्म मला इथेच दिसते. उमरावकी घेतली की कॉमन्स सोडून उमराव सभेत, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, जावे लागे. म्हणूनच १७२३ मध्ये देऊ केलेली उमरावकी त्यांनी स्वतः न घेता मुलाला मिळवून दिली आणि आपण कॉमन्समध्येच राहिले. याच सभागृहाने १७१२ मध्ये भ्रष्टाचाराच्या आरोपावरून त्यांना काढून टाकून लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत पाठवले होते. १७२० मध्ये साउथ सी कंपनीच्या शेअरचा फुगा फुटल्यावर मात्र, अर्थकारण जाणणारा माणूस म्हणून सगळ्यांच्या नजरा त्यांच्याकडेच वळल्या.

महालातील शिक्षिका:
एक भर घालावीशी वाटते. कॉमन्समधले बहुमत त्यांनी केवळ वक्तृत्वावर राखले नव्हते. सरकारी नेमणुका, निवृत्तिवेतने आणि मानमरातब यांचे वाटप हाती असल्यामुळे कित्येक सदस्य त्यांच्याशी बांधले गेले होते, आणि ही बाजू झाकून त्यांचा गौरव करणे मला योग्य वाटत नाही. तरीही ते सभागृह मुठीत होते असे म्हणता येणार नाही. १७३३ मध्ये तंबाखू आणि दारूवर अबकारी पद्धतीने कर बसवण्याची योजना त्यांनी आणली, तेव्हा व्यापारी खवळले, देशभर विरोध उसळला, बहुमत अवघ्या १७ मतांवर आले आणि त्यांनी ती योजना मागे घेतली.

बर्डीचा वाचक:
आभारी आहे. मग १७४२ मध्ये नेमके काय घडले?

धरमपेठकर:
१७३७ मध्ये राणी कॅरोलाइन वारल्या, १७३९ मध्ये मनाविरुद्ध स्पेनशी युद्ध पत्करावे लागले आणि १७४१ च्या निवडणुकीत कॉर्नवॉल व स्कॉटलंडमधल्या जागा घटल्या. पुढे चिपनम मतदारसंघातील निवडणुकीच्या वादावरील मतदानात सरकार हरले आणि फेब्रुवारी १७४२ मध्ये त्यांनी पद सोडले. राजाने त्यांना काढले नव्हते, कॉमन्समध्ये मते उरली नव्हती. त्यांच्याबरोबर सगळे सहकारी मात्र गेले नाहीत. जवळजवळ सबंध मंत्रिमंडळ एकदम पायउतार होण्याचा प्रसंग १७८२ मध्ये, लॉर्ड नॉर्थ यांच्या वेळी आला.

आपल्या मूळ चर्चेसाठी एवढे सांगतो. वॉलपोल ऑर्फर्डचे अर्ल होऊन उमराव सभेत गेले ते सत्ता सुटली तेव्हाच. त्यांचे कट्टर विरोधक विल्यम पुल्टनी यांनीही त्याच वर्षी बाथची अर्लकी स्वीकारली, आणि ज्या कॉमन्समध्ये त्यांचा दबदबा होता ते सभागृह सुटताच त्यांचे राजकीय वजन ओसरले.