बीगलबोन ब्लॅक: यूएसबीवरून पिंग लागत नाही

प्रश्न: डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकलेला बीगलबोन ब्लॅक हा छोटा संगणक-बोर्ड यूएसबीने लिनक्स लॅपटॉपला जोडलाय. पॉवरचा दिवा लागतो, पण १९२.१६८.७.२ या बोर्डच्या पत्त्याकडून पिंगला (जोडणी तपासणाऱ्या संदेशाला) उत्तर नाही. सुरुवात कुठून करू?

उत्तर: आधी केबल. नुसत्या चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात, दिवा मात्र लागतो. तिथेच फसगत होते. लॅपटॉपवर 'डीमेसेज' (dmesg, कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) लाइव्ह चालू ठेवून केबल लावा. बोर्डला बूट व्हायला मिनिटभर द्या. तरीही एकही नवी ओळ उमटली नाही, तर सेटिंगशी झटापट नको, केबल बदला. मध्ये हब असेल तर तोही काढा.

उत्तर: ओळी येत असतील तर लॅपटॉपवर नव्याने दिसणाऱ्या नेटवर्क इंटरफेसचा आयपी बघा. १९२.१६८.७.१ हवा. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर डीएचसीपीकडून (आपोआप आयपी वाटणारी सेवा) काहीच आलेलं नाही, हाताने १९२.१६८.७.१, मास्क २५५.२५५.२५५.२५२ द्या. गेटवे रिकामाच ठेवा, नाहीतर लॅपटॉपचं इंटरनेट बोर्डकडे वळून बंद पडेल.

प्रश्नकर्ता: केबलच होती! एसएसएच (दुरून लॉगिन) झालं. पण बोर्डवर एपीटी (डेबियनचं सॉफ्टवेअर बसवणारं साधन) अपडेट होत नाही.

उत्तर: बोर्डला बाहेरचा रस्ता द्या: बोर्डवर डिफॉल्ट रूट १९२.१६८.७.१, लॅपटॉपवर आयपी फॉरवर्डिंग (एका जोडणीवरचा डेटा दुसरीकडे पाठवणं) आणि वाय-फाय इंटरफेसवर मास्करेड (बोर्डचा डेटा लॅपटॉपच्या पत्त्याने बाहेर पाठवणं). मग ८.८.८.८ (गूगलचा सर्व्हर) ला पिंग जातो पण नावं उघडत नाहीत, असं असेल तर नेमसर्व्हर (नावाचा आयपी शोधून देणारा सर्व्हर) टाका. आणि हो, तारीख तपासा. या बोर्डच्या घड्याळाला बॅटरी नाही. तारीख मागे राहिली की रिलीज फाइल (पॅकेजच्या यादीची तारीख असलेली फाइल) 'अजून वैध नाही' म्हणून एपीटी अडून बसतं.