गार्डिनर्स आयलंड: घरच्या ग्रुपवरची चर्चा

ऋचा (न्यू यॉर्क): काल ईस्ट हॅम्प्टनला गेलो होतो. फोटोत पाण्यापलीकडे हिरवी पट्टी दिसतेय ना, ते गार्डिनर्स आयलंड. सुमारे 3,300 एकर, आणि 1639 पासून एकाच घराण्याकडे! खाजगी आहे, बोलावल्याशिवाय उतरता येत नाही.

सुमाआत्या: 1639? म्हणजे आपले शिवाजी महाराज नऊ वर्षांचे होते तेव्हापासून?

ऋचा: हो आत्या. लायन गार्डिनर नावाचा इंग्रज, किल्ले बांधणारा इंजिनिअर. त्याने तिथल्या मूळ रहिवासी मोंटॉकेट लोकांकडून बेट घेतलं. एक मोठा काळा कुत्रा, थोडा दारूगोळा आणि काही डच घोंगड्या एवढ्यावर सौदा झाला असं सांगतात.

मंदारदादा: या बेटाबद्दल मी बरंच वाचलंय. मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो तो बेटाच्या मालकीवरून सख्ख्या भाचीशी भांडलेला रॉबर्ट डेव्हिड लायन गार्डिनर. 2004 मध्ये 93 व्या वर्षी गेला. स्वतःला 'सोळावा लॉर्ड ऑफ द मॅनर', म्हणजे जहागीरदार, म्हणवायचा. स्वातंत्र्यानंतर अमेरिकेत असल्या पदवीला कायद्यात काही किंमत उरली नव्हती, पण हा ती मनापासून मिरवायचा. रॉकफेलर, फोर्ड ही मंडळी त्याच्या लेखी कालची श्रीमंत. पाहुण्यांना घराण्याचा इतिहास तासन्‌तास ऐकवायचा. आणि ऐकवण्यासारखं होतंही. राष्ट्राध्यक्ष जॉन टायलरची बायको ज्युलिया याच घराण्यातली, 1844 चं लग्न.

निनाद: त्या समुद्री चाच्याने, कॅप्टन किडने, खजिना पुरला ते हेच ना?

मंदारदादा: हेच. 1699 मध्ये. आणि त्याचा धागा आपल्याच किनाऱ्याशी जुळतो. किड 1697 मध्ये कारवारला आला होता. पुढच्या जानेवारीत बंगालहून सुरतेकडे मलमल, रेशीम, साखर घेऊन निघालेलं 'क्वेदा मर्चंट' जहाज त्याने मलबार किनाऱ्याजवळ लुटलं. गार्डिनरांकडे पुरलेला माल बॉस्टनला सरकारजमा झाला, 1701 मध्ये किडला लंडनला फाशी झाली. त्याने गार्डिनरच्या बायकोला दिलेल्या जरीच्या कापडाचा तुकडा ईस्ट हॅम्प्टनच्या लायब्ररीत आहे. ऋचा, पुढच्या वेळी बघून ये.

बापूकाका: ते असू दे. मालकीचा वाद कशावरून झाला? कागद काय होता?

मंदारदादा: काका, 1937 मध्ये बेट घराण्याबाहेर जायच्या बेतात होतं. रॉबर्टची आत्या, सारा डायोडाटी गार्डिनर, हिने 4 लाख डॉलर मोजून ते वाचवलं. लग्न केलेलं नव्हतं. 1953 मध्ये ती गेली तेव्हा बेट ट्रस्टमध्ये ठेवून हक्क रॉबर्टला आणि त्याच्या बहिणीला दिले. खर्चासाठी ठेवलेले पैसे पुढे संपले. कर, डागडुजी, राखणदार सगळं अंगावर आलं. बहिणीच्या पश्चात तिचा हक्क मुलीकडे, अलेक्झांड्रा क्रील गोलेटकडे आला. भाचीच्या घरचे बेटाचा खर्च उचलायला तयार, मामा खर्चातला आपला वाटा द्यायला नाही म्हणाला. मग कोर्ट. एका टप्प्यावर मामाला बेटावर जायलाच बंदी झाली, ती 1992 मध्ये उठली. भाचीला बेटावर बांधकामं करायची आहेत असा त्याचा आरोप, तिने तो कायम नाकारला. त्याला मूलबाळ नव्हतं. 1989 मध्ये मिसिसिपीच्या एका दूरच्या, चांगल्या मोठ्या वयाच्या नातलगाला दत्तक घेऊन वारस करू पाहिलं. तेही साधलं नाही.

सुमाआत्या: वाईट वाटलं रे. ज्याला नावाचं एवढं, त्यालाच उंबऱ्याबाहेर ठेवलं.

ऋचा: पण आत्या, त्याने कर भरायला नको होता का? नाव सांगायचं आणि बिल भाचीने भरायचं?

बापूकाका: दोष दोघांपेक्षा त्या व्यवस्थेचा. दोघांना हक्क दिला, पण पैसे संपल्यावर कोणी किती भरायचं आणि पटलं नाही तर कोणाचा शब्द शेवटचा, हे पक्कं केलेलं दिसत नाही. सामाईक घराचं छप्पर शाकारायची वेळ आली की आपल्याकडे भाऊबंदकी पेटते, तसंच हे. साराबाईंनी बेट मायेने वाचवलं, पण भांडणही तिथेच पेरलं गेलं.

मंदारदादा: अगदी पटलं काका. तरी माझा कल भाचीकडे. जंगल जंगलच राहिलं. हजारभर एकर पांढऱ्या ओकचं जुनं रान आहे तिथे. शिकारी जनावरं नसल्यामुळे ऑस्प्रे पक्षी चक्क जमिनीवरही घरटी करतात. 1948 मध्ये 300 च्या वर घरटी मोजली होती, 1960 च्या दशकात ती 50 च्याही खाली आली. न उबलेल्या अंड्यांत डीडीटी हे कीटकनाशक सापडलं. तिथून गोळा केलेले पुरावे डीडीटीविरुद्धच्या लढ्यात कामी आले आणि 1972 मध्ये अमेरिकेत त्यावर बंदी आली.

निनाद: मग आता मालकी कोणाची?

मंदारदादा: मामा गेल्यावर सगळे हक्क भाचीकडे. 2005 मध्ये तिच्या कुटुंबाने ईस्ट हॅम्प्टन टाऊनशी, म्हणजे तिथल्या स्थानिक प्रशासनाशी, करार केला. ठरलेल्या मुदतीपर्यंत बेटावर नवी बांधकामं नाहीत, आणि बदल्यात टाऊनने झोनिंग, म्हणजे जमीन कशासाठी वापरायची याचे नियम, बदलायचं नाही, सक्तीने संपादन करायचं नाही.

बापूकाका: मुदतीचा म्हणजे कायमचा नाही. पुढच्या पिढीत हक्कदार वाढतील, त्याआधी त्यांनी खर्चाचं आणि निर्णयाचं लेखी करून ठेवायला हवं. ऋचा, कराराची मुदत कधीपर्यंत आहे ते तिथे कोणाला विचारून सांगशील?

ऋचा: सांगते काका. लायब्ररीत जाईन तेव्हा तिथेच विचारते.