वीस महिन्यांच्या मुलाचं हिमोग्लोबिन ९.४ आहे, थेंब द्यावेत की आधी आहार सुधारावा?

ऐरोलीची_आई
नमस्कार. माझा मुलगा वीस महिन्यांचा आहे, वजन १० किलो. हल्ली फार किरकिर करतो आणि गॅलरीतल्या कुंडीतली माती खातो, कितीही लक्ष ठेवलं तरी. डॉक्टरांनी सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) करायला सांगितलं. हिमोग्लोबिन ९.४, एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) ६४, आरबीसी (लाल पेशींची संख्या) ४.४, आरडीडब्ल्यू (पेशींच्या आकारातली तफावत) १८. लोहाचे थेंब लिहून दिलेत. ते सुरू केल्यावर शी काळी व्हायला लागली आणि सासूबाई घाबरल्या. त्यांचं म्हणणं, आधी बीट, डाळिंब, खजूर, बाजरी देऊन बघू, एवढ्याशा जिवाला औषध नको. त्यांनी तीन मुलं वाढवलीत, त्यांचा शब्द मी सहज मोडत नाही. पाळणाघरात तो नीट जेवत नाही, त्यामुळे दूध बाटलीनंच जातं, दिवसाला साधारण ८०० मिली. बाजरीवर आपल्याकडे संशोधन झालंय असं वाचलं. खरंच नुसत्या आहारानं भागेल का?

शुभदा_नौपाडा
मी लहान मुलांच्या ओपीडीत आहारतज्ज्ञ होते, आता निवृत्त आहे. तुमचा प्रश्न माझ्या फार जिव्हाळ्याचा, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी सासूबाईंची भीती घालवा. जे लोह आतड्यात शोषलं जात नाही ते बाहेर पडतं, शी त्यानं काळी होते. औषध चालू असेपर्यंत ती तशीच राहणार. ते रक्त नाही.

आता हिशोब मांडा. उपचाराची मात्रा किलोमागे साधारण ३ मिलिग्रॅम धरतात, म्हणजे तुमच्या बाळाला रोज ३० मिलिग्रॅमच्या आसपास. १०० ग्रॅम बाजरीत लोह ६ मिलिग्रॅमच्या जवळपास. लेकरू खाऊन खाऊन ३० ग्रॅम पिठाची छोटी भाकरी खाणार, त्यात जेमतेम २ मिलिग्रॅम. शिवाय धान्यातलं फायटेट नावाचं द्रव्य त्याला धरून ठेवतं, अंगी लागतं ते फार थोडं. बीट १०० ग्रॅम खाल्लं तरी १ मिलिग्रॅमही लोह मिळत नाही, डाळिंबात तर त्याहून कमी. लाल रंगाचा आणि रक्ताचा संबंध लोकांच्या मनात इतका घट्ट बसलाय की ओपीडीत रोज समजावावं लागे. निरोगी मुलाचं रोजचं भागवायला आहार पुरतो, पण रिकामा झालेला साठा भरायला या वयाच्या पोटात तेवढं अन्न मावतच नाही.

बाजरीच्या संशोधनाचं तुम्ही बरोबर वाचलंत, आणि मला त्याचा अभिमान आहे. इक्रिसॅट ही हैदराबादजवळची शेती संशोधन संस्था आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं 'धनशक्ती' हे जास्त लोहाचं वाण २०१२ मध्ये आणलं. महाराष्ट्रातल्या १२ ते १६ वयाच्या शाळकरी मुलांना अशा बाजरीची भाकरी रोज दोन वेळा दिली, आणि साध्या बाजरीच्या तुलनेत त्यांचा लोहाचा साठा सुधारला. हे २०१५ साली छापून आलं. नंतर मुंबईच्या झोपडपट्ट्यांतल्या १२ ते १८ महिन्यांच्या मुलांवर लोह-जस्तवाल्या बाजरीचा प्रयोग झाला, त्यात एकूण गटांत लोहाच्या मोजमापांत ठळक फरक दिसला नाही. मला यातला धडा वयाचा वाटतो. बारा वर्षांचं पोर दोन भाकऱ्या संपवतं, तुमचं बाळ चार घास खातं.

तुमच्या पोस्टमधली खरी अडचण मला दुधात दिसते. गाईच्या दुधात लिटरमागे लोह जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. त्यातलं कॅल्शियम आणि केसिन हे प्रथिन दुसऱ्या अन्नातलं लोहही शोषू देत नाहीत, आणि ८०० मिलीनं पोट भरल्यावर वरणभात कोण खाणार? दूध ४०० मिलीपर्यंत आणा, बाटली बंद, कपातून द्या. पाळणाघरातल्या ताईंशीही बोला. पहिले काही दिवस तो रडेल, पण भूक लागली की खायला लागेल. मूग मोड आणून शिजवा, वर लिंबू पिळा. नाचणीही भिजवून मोड आणलेली बरी, फायटेट कमी होतं. मांसाहार चालत असेल तर मऊ शिजवलेली कोंबडी, मासे द्या. त्यातलं लोह तर चांगलं लागतंच, सोबतच्या डाळीतलंही जास्त शोषलं जातं.

औषध थांबवू नका म्हणते त्याचं कारण मेंदू. बेट्सी लोझॉफ या अमेरिकन संशोधक डॉक्टरांनी मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिकातल्या मुलांचा तान्हेपणापासून मोठेपणापर्यंत पाठपुरावा केला. तान्हेपणी ज्यांना दीर्घकाळ लोहाची तीव्र कमतरता होती, ती मुलं उपचारानंतरही बौद्धिक चाचण्यांत मागे राहिली. दुसरी बाजूही सांगायला हवी. बांगलादेशात आठ महिन्यांच्या हजारो बाळांना तीन महिने लोह दिलं, रक्तक्षय कमी झाला, पण विकासाच्या चाचण्यांत फरक पडला नाही (२०२१). म्हणजे लोह हे हुशारीचं टॉनिक नव्हे. पण तुमच्या बाळात कमतरतेची लक्षणं दिसतायत, तिथे वाट पाहण्यात मला काहीच शहाणपण दिसत नाही. माती खाणं हेही त्यातलंच एक. लोह भरलं की ते बहुतेक मुलांत कमी होतं.

उल्हासनगरचा_बाबा
शुभदाताईंशी सहमत, एक जोड देतो. आमच्या मुलीला लोहाची बाटली संपली की दुसरी, असं चाललं होतं आणि हिमोग्लोबिन ढिम्म. तिचं एमसीव्ही ६० होतं पण आरबीसी ५.६. दुसऱ्या डॉक्टरांनी एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार दाखवणारी तपासणी) करायला लावली तेव्हा थॅलेसेमिया मायनर (या आनुवंशिक रक्तदोषाचा सौम्य प्रकार) निघाला, माझ्याकडून आलेला. आम्ही सिंधी आहोत, आमच्या समाजात प्रमाण जास्त आहे. कच्छी भानुशाली, लोहाणा यांच्यातही. एमसीव्हीला आरबीसीनं भागून १३ च्या खाली आलं तर हा संशय घेतात. तुमचं साडेचौदा येतंय, म्हणजे लोहाचीच कमतरता असण्याची शक्यता जास्त. पण महिनाभर नीट औषध देऊनही आकडा हलला नाही तर एचपीएलसीचं विचारा. आईवडील दोघेही मायनर असतील तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे गंभीर प्रकार, असण्याची शक्यता २५ टक्के असते, म्हणून हे कळलेलं बरं.

दिव्याची_सेविका
ताई, मी अंगणवाडीत आहे. आमच्याकडे सहा महिने ते पाच वर्षांच्या बाळांना आठवड्यातून दोनदा १ मिली सिरप असतं, त्यात २० मिलिग्रॅम लोह. ते बचावासाठी. तुमच्या बाळाला डॉक्टरांनी दिलंय ते उपचाराचं, दोन्ही एकत्र देऊ नका. थेंब ड्रॉपरनं गालाच्या आत मागच्या बाजूला सोडा, वर पाणी पाजा, म्हणजे दात काळे पडत नाहीत. दुधासोबत नको. आणि बाटली कुलपात ठेवा. गोड म्हणून पोरानं घटाघटा प्यायली तर जिवावर बेततं.

ऐरोलीची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. बीट-डाळिंबाच्या हिशोबावर त्या विचारात पडल्या. त्यांचा एक प्रश्न आहे: लोह जास्त झालं तर अपाय होतो ना?

शुभदा_नौपाडा
प्रश्न अगदी योग्य आहे. झांझिबारमधल्या पेंबा बेटावर मलेरिया फार. तिथे सरसकट सगळ्या बाळांना लोह आणि फॉलिक ॲसिड दिल्यावर गंभीर आजारपण आणि मृत्यू वाढले. २००६ मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि जगभरची धोरणं बदलली. पण त्याच अभ्यासात, ज्यांच्यात खरी कमतरता होती आणि ज्यांची तपासणी-उपचार होत होते, त्यांना लोहाचा फायदाच दिसला. तुमच्याकडे रिपोर्ट आहे, डॉक्टर आहेत. मध्ये ताप आला तर थेंब चालू ठेवायचे का, एवढं त्यांना विचारा.

महिन्याभरानं पुन्हा सीबीसी करा, हिमोग्लोबिन निदान १ नं वर यायला हवं. आकडा ११ च्या वर गेला तरी लगेच बंद करू नका, साठा भरायला पुढे दोन-तीन महिने लागतात. बाटलीवर लोहाचा कोणता प्रकार लिहिलाय, फेरस सल्फेट की दुसरं काही, तेही बघा. २०१७ मधल्या एका चाचणीत लहान मुलांत पॉलिसॅकराइडवाल्या लोहाच्या औषधापेक्षा फेरस सल्फेटनं हिमोग्लोबिन जास्त वाढलं होतं. नाव इथे लिहिलंत तर काय विचारायचं ते सांगते.