मदत हवी आहे: बोरिवलीत पाहुण्यांना दोन दिवस काय दाखवावं?

मावशी (वय 66, गुडघे दुखतात), मावसबहीण आणि तिची नऊ वर्षांची मुलगी कोल्हापूरहून येताहेत. रविवार आणि सोमवार मोकळे आहेत. गेटवे, राणीची बाग त्यांनी आधीच पाहिली आहे, शिवाय लोकलमध्ये तास-तासभर उभं राहणं मावशींना झेपणार नाही. म्हणून बोरिवलीतच फिरवायचं ठरवतेय. सध्याचा बेत: रविवारी गोराईचा विपश्यना पॅगोडा, सोमवारी नॅशनल पार्क आणि त्यातली कान्हेरीची बौद्ध लेणी. जाणकारांनी सुधारणा सुचवाव्यात. मॉल नकोत.

— कांदरपाडा_कट्टा

पायऱ्यापायऱ्यांनी:
बेत आधी उलटा करा. नॅशनल पार्क सोमवारी बंद असतं आणि कान्हेरीला जायची वाट पार्कातूनच आहे. त्यामुळे कान्हेरी रविवारीच, आणि तीही सकाळी. आठच्या आत दारावर पोचा. दहानंतर तिकिटाची आणि आतल्या बसची रांग एवढी वाढते की उन्हातच अर्धी सकाळ जाते. मेट्रो 7 ने येत असाल तर 'राष्ट्रीय उद्यान' स्थानकावर उतरा. लोकलने आलात तर बोरिवलीला पूर्वेकडे बाहेर पडा.

दारापासून लेणी साधारण सहा-सात किलोमीटर आत आहेत. दाराजवळ भाड्याने सायकली मिळतात, पण शेवटचा चढ चांगलाच दमवतो. तुमच्यासारख्यांनी पार्कची बसच धरावी. लेण्यांचं तिकीट वेगळं आहे, पुरातत्त्व खात्याचं: माणशी 25 रुपये, 15 वर्षांखालच्या मुलांना माफ. वर मोबाइलला रेंज धड नसते, तेव्हा यूपीआयच्या भरवशावर जाऊ नका, सुटे पैसे जवळ ठेवा.

मावशींसाठी: शंभराहून जास्त लेणी आहेत, पण सगळ्यात भव्य ते 3 नंबरचं, आणि ते खालीच आहे. थोड्याच पायऱ्या चढल्या की चैत्यगृह (बौद्धांचं प्रार्थनागृह) समोर येतं. 34 खांब, आत स्तूप आणि व्हरांड्यात दोन्ही टोकांना जवळपास सात मीटर उंच बुद्धमूर्ती. त्यांना तिथेच सावलीत निवांत बसू द्या, कुणीतरी सोबत थांबा. बाकीच्यांनी 11 नंबरचं दरबार लेणं (लांबच लांब दोन दगडी बाक कोरलेत) आणि जमलं तर 41 नंबरमधला अकरा मुखांचा अवलोकितेश्वर (करुणेचा बोधिसत्त्व) पाहून खाली यावं. सगळी लेणी बघायचा हट्ट नको.

मुलीला मूर्तींपेक्षा पाणी दाखवा. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या दाराशी टाकं आहे. शिलालेखांत त्याला 'पोढी' म्हटलंय. टाक्याच्या वर कातळात बोटभर खोल पन्हळी कोरलेल्या दिसतील. पावसाचं पाणी उतारावरून त्या पन्हळींतून थेट टाक्यात उतरतं. पन्हळ कुठून निघते आणि कुठे संपते हे तिला शोधू दे, ती रमेल.

मुंबईचीमाती:
वरच्या प्रतिसादाला +1. एक भर: माकडं. पिशवीचा नुसता आवाज झाला तरी ती येतात. हातात पिशवी धरू नका. खाऊ चेन लावलेल्या सॅकमध्ये, आणि सॅक पाठीवर. बिस्किटाचा पुडा माकडाने धरलाच तर सोडून द्या, ओढाताणीत ओरखडे येतात. आणि त्यांना खायला घालू नका, त्याच सवयीने ती अशी अंगावर येतात.

शिंपोलीकर:
सोमवारसाठी पश्चिमेकडच्या दोन जागा, ज्यांकडे बोरिवलीकरही वळत नाहीत याचं मला फार वाईट वाटतं.

पहिली मंडपेश्वर लेणी. मेट्रो 2A चं 'मंडपेश्वर' स्थानक, पुढे रिक्षा. लेणं रस्त्यालगत आहे, मोठा चढ नाही, म्हणजे गुडघ्यांना त्रास नाही. सहाव्या शतकाच्या आसपासचं शैव लेणं. पुढे पोर्तुगीजांनी त्याचं चर्च केलं, त्याचे पडके अवशेष माथ्यावर अजून उभे आहेत. आत नृत्यमग्न शिवाचा पट आहे, आणि एका भिंतीवर जुनं शिल्प तासून कोरलेला क्रूस. दोन्ही एकाच लेण्यात बघायला मिळतात. अर्धा तास पुरे.

दुसरी एकसरचे वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे कोरीव स्मारक-दगड. हे शिलाहार आणि यादवांच्या तेराव्या शतकातल्या लढाईचे मानले जातात. वीरगळ खालून वर वाचायचा: खाली युद्ध, मध्ये वीराला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवपूजा. एकसरचं वेगळेपण म्हणजे खालच्या पट्ट्यांत जहाजं आहेत आणि त्यांना वल्ह्यांच्या रांगा. आरमारी लढाई दगडात इतकी स्वच्छ क्वचितच दिसते. दुपारी सपाट उजेडात कोरीव काम उठून दिसत नाही. सकाळी किंवा चारनंतर, ऊन तिरकं असताना जा.

कांदरपाडा_कट्टा:
सोमवारची चूक वेळेवर कळली, आभार! मग सोमवारी सकाळी मंडपेश्वर-एकसर आणि दुपारनंतर पॅगोडा जमेल का?

पायऱ्यापायऱ्यांनी:
जमेल, पण जेवून लगेच निघा. बोरिवली पश्चिमेहून 294 नंबरची बस गोराई खाडीकडे जाते. जेट्टीवर दोन वेगवेगळ्या बोटी लागतात, एक पॅगोड्याच्या बाजूला, दुसरी गोराई गावाकडे. चढण्यापूर्वी विचारा. गावच्या बोटीत बसलात तर पलीकडून रिक्षा शोधत बसावं लागेल. बोटीत चढताना मावशींचा हात धरा, लाटेने काठ वरखाली होतो.

मुख्य घुमटात खांब एकही नाही, दगडात दगड अडकवून उभा केलाय, आणि आत आठ हजार माणसं बसू शकतात. मात्र दहा दिवसांचं विपश्यना शिबिर केलेल्यांनाच तिथे बसता येतं, इतरांनी काचेतून पाहायचं. हे मावशींना आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिथे पोचल्यावर हिरमोड होतो. बुद्धचरित्राचं चित्रदालन आणि नवख्यांसाठीचं छोटं आनापान (श्वासावर लक्ष ठेवायचं ध्यान) सत्र सगळ्यांना खुलं आहे. अनवाणी चालावं लागतं आणि दुपारी फरशी तापते, म्हणून मावशींसाठी मोजे न्या. परतीची शेवटची बोट किती वाजता, हे जाताना जेट्टीवरच विचारून घ्या.