आरओची नळी थेट टँकला जोडली तर चालेल का?

काचेतला_समुद्र:
माझा खाऱ्या पाण्याचा टँक आहे, संप (खालची फिल्टरची टाकी) धरून साधारण १०० लिटर. पंखा लावल्यापासून रोज दोनेक लिटर पाणी उडतं. एक दिवस भरायचं राहिलं तरी रिफ्रॅक्टोमीटरवर सॅलिनिटी (पाण्याचा खारेपणा, दर हजारी) ३५ ची पावणेछत्तीस दिसते. आणि आता नऊ दिवस घर बंद ठेवायचंय.

डोक्यात असं आहे: पिण्याच्या पाण्याच्या आरओला एक टी (तीन तोंडांचा जोड) मारायचा, तिथून नळी टँकपर्यंत आणायची आणि टोकाला फ्लोट व्हॉल्व्ह. पाणी उतरलं की चालू, भरलं की बंद. घरची टाकी बॉलकॉकवर भरते, मग टँक का नाही भरणार? फ्लोट डिस्प्लेमध्येच (वरच्या माशांच्या टाकीत) लावतोय, म्हणजे डोळ्यांसमोर राहील.

खारटपणा:
हाच प्रयोग मी केलाय. फरशीही मीच पुसली.

माझ्याकडे सगळं चार महिने मस्त चाललं. मग एके दिवशी एक गोगलगाय चढून फ्लोटवर जाऊन बसली. तेवढ्या वजनाने फ्लोट दबलेला राहिला आणि व्हॉल्व्ह उघडाच. गोगलगाय आणि पोटात पाय म्हणतात ते असं. आरओ तासाला दहाएक लिटर देत होता. तीन तासांनी घरी आलो तेव्हा संप काठोकाठ भरून वाहत होता आणि सॅलिनिटी ३५ वरून २७ वर आली होती. पोवळी सगळी मिटलेली. गोगलगाय न बसता फ्लोटवर नुसती क्षारांची पापडी धरली तरी हेच होतं, कारण मागे नळ आहे आणि नळाचं पाणी काही संपत नाही. म्हणून मध्ये आरओचं पाणी भरलेला कॅन हवाच. कॅन रिकामा झाला की गोंधळही तिथेच थांबतो.

दुसरं कारण पाण्याच्या प्रतीचं. आरओ बंद असतो तेव्हा मेंब्रेनच्या अलीकडचे क्षार हळूहळू पलीकडे झिरपतात. मशीन सुरू झाल्यावर येणारं पहिलं पाणी त्यामुळे सगळ्यात वाईट. माझ्या मीटरवर त्याचा टीडीएस (लिटरमागे विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) १२० दाखवतो आणि पाच-सात मिनिटांनी १२ वर येतो. फ्लोट व्हॉल्व्ह दर थोड्या वेळाने पेलाभर पाणी मागणार, म्हणजे तुमच्या टँकला कायम ते पहिलंच पाणी मिळणार. त्यापेक्षा कॅन एकदम भरा आणि सुरुवातीचं पाणी फरशीसाठी काढून ठेवा. पिण्याच्या मशीनला टीडीएस अ‍ॅडजस्टर असेल तर तेही बघा, त्यातून थोडं कच्चं पाणी चवीसाठी मिसळलेलं असतं. खनिजांचं कार्ट्रिज असेल तर टी त्याच्या आधी मारा.

आणि फ्लोट डिस्प्लेत लावून काहीच उपयोग नाही. तिथली पातळी ओव्हरफ्लोच्या दात्यांवर ठरते, ती हलतच नाही. उडालेलं पाणी संपमध्ये, पाणी परत वर चढवणाऱ्या रिटर्न पंपाच्या कप्प्यात कमी दिसतं, पातळी बघणारा सेन्सर तिथे.

थेंब_थेंब:
वरच्या सगळ्याला +१. फक्त कॅनलाही हिशोब हवा. २० लिटरचा कॅन एकदम संपमध्ये रिकामा झाला तर सॅलिनिटी २९ च्या आसपास येईल, तेही संपमध्ये तेवढी जागा असली तर. नऊ दिवसांना १८ लिटर लागणार, म्हणजे लहान कॅन ठेवूनही भागत नाही.

मी असं करतो. मिनिटाला ५० मिलि देणारा डोसिंग पंप, सेन्सरमार्फत जोडलेला, आणि सगळ्यात आधी टायमर. टायमर सकाळी अर्धा तास आणि रात्री अर्धा तासच वीज देतो. सेन्सर अडकला तरी दिवसाला ३ लिटरच्या वर जाणार नाही, त्यातले दोन तर उडणारच आहेत.

साधा पाण्यात बुडवायचा पंप वापरणार असाल तर कॅन संपपेक्षा खाली ठेवा. कॅन वर असेल तर पंप बंद झाल्यावरही सायफनने पाणी येत राहतं. नळीचं टोकही पाण्याच्या वर बांधा, नाहीतर खारं पाणी उलट कॅनमध्ये जाईल. डोसिंग पंप नळी चिमटून धरतो, त्याला ही भानगड नाही.

गप्पीप्रेमी:
मध्येच विचारतो. माझा गोड्या पाण्याचा टँक आहे, तोही १०० लिटर. उडतं तेवढं नळाचं पाणी घातलं तर चालतं ना? टीडीएस ४०० आहे.

खारटपणा:
उडतं ते निव्वळ पाणी, क्षार मागेच राहतात. आठवड्याला ५ लिटर घालत असाल तर २ ग्रॅम क्षार आत, म्हणजे टीडीएस दर आठवड्याला २० ने वर. नियमित पाणी बदलत असाल तर पार गळ्याशी येणार नाही. तरी भर घालायला आरओचं पाणी बरं. बदलताना मात्र नुसतं आरओचं नको, माशांना खनिजं लागतात.

काचेतला_समुद्र:
दोघांचेही आभार. टी रद्द. २० लिटरचा कॅन, डोसिंग पंप आणि टायमर असं बसवलं आणि जाण्याआधी आठवडाभर चालवून बघितलं. बरं झालं बघितलं ते. तिसऱ्या दिवशी पंप फिरतोय, पण नळीत थेंब नाही. सेन्सर काढला, पुसला, पुन्हा लावला, तेच. शेवटी कॅनकडे लक्ष गेलं तर त्याचे गाल आत गेलेले. धूळ जाऊ नये म्हणून मी झाकण गच्च आवळलं होतं, आत हवा जायला जागाच नव्हती. झाकणाला सुईने भोक पाडलं. कॅनने टक्कन आवाज करत गाल फुगवले आणि पाणी सुरू.